काट्यांची पेटी

आमच्या होडीचं नाव सोनाबाय. सोनाबाय म्हणजे माझ्या वडिलांची आजी. ती गेली त्या वर्षी तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, नवी होडी बांधली आणि तिला आईचं नाव दिलं. होडीला नाव बाईचं, सणाला तिला नेसवतात ते लुगडं बाईचं, वादळात सापडले की खलाशी हाक मारतात ती आईला, आणि तरी त्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही, असा रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्याचा कायदा. मासळी उतरवून घ्यायला आम्ही बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहायचो. वरून टोपली यायची, ती डोक्यावर घ्यायची, मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. होडीच्या कडेला हात लागला तर चालायचं, पाय नाही. का नाही, असं मी लहानपणी आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुजे बापाला इचार." बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "दादाला इचार." दादा म्हणजे माझे थोरले काका, होडीचे तांडेल, म्हणजे तिचे कप्तान. त्यांना विचारायची कोणाची टाप नव्हती, म्हणून तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. माझ्यापुरता तो ज्या दिवशी सुटला त्या दिवसाची ही हकीकत. ती मी कोणाची माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काकी मी पाळण्यात असतानाच वारली. काकांना मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, म्हणून दोन्ही भावांची चूल एकच आणि त्या चुलीवर आईचं राज्य. घर खाडीच्या तोंडाशी, पुढे पडवी, पडवीपुढे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. सकाळी डोळे उघडायचे ते कावळ्यांच्या भांडणाने आणि काकांच्या खोकल्याने. काका खोकले की घर सरळ व्हायचं. त्यांना तांदळाची भाकरी चुलीवरून थेट ताटात लागायची, कालवण आंबट लागायचं, आणि ते जेवत असताना कोणी बोललेलं खपायचं नाही. बाबा त्यांच्यापेक्षा बरेच लहान. मोठ्या भावासमोर त्यांना एकच शब्द यायचा, "व्हय दादा." माझे बाबा एरवी असे नव्हते. दर्यावरून एकटे चालत आले तर गाणं म्हणत यायचे, अंगणात आले की गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला ऐकू यायचं.

मग होडीत इंजिन आलं. त्या काळात आमच्या किनाऱ्यावर एकेक करून होड्यांना इंजिनं बसत होती. शीड तसंच ठेवायचं, डोलकाठी तशीच, आणि पोटात इंजिन. काकांचा सक्त विरोध. "वारा फुकट हाय, त्याला तेल पाजाया लागत न्हाय," असं ते दिवसातून किती वेळा म्हणत कोण जाणे. पण होडीत बाबांचाही अर्धा वाटा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी "व्हय दादा" म्हटलं नाही. इंजिन बसलं, ते चालवायला शिकले फक्त बाबा, आणि आमच्या घराचं सगळं वेळापत्रक बदललं. शिडावर असताना वारा पडला की होडी तिकडेच अडकायची, मासळी नरम व्हायची, आणि घरी आल्यावर मीठ लावून सुकवण्यापलीकडे काही उरायचं नाही. आता मासळी ताजी यायची. खाडीच्या तोंडाशी डगडग ऐकू आली की आई भाताचं आधण ठेवायची. भात उतरवेपर्यंत बाबा दारात असायचे, आणि गाणं म्हणतच अंगणात यायचे. मला इंजिन आवडायचं ते एवढ्यासाठी. माझी नात म्हणते, आजी, तुला यंत्रांची आवड होती. यंत्रांची कसली आवड, मला माझा बाप ताठ मानेने चालताना आवडायचा.

इंजिन पोटात असलं तरी त्याची खबर मागे, सुकाणूपाशी मिळायची. तिथे एका फळीवर तीन काटे बसवलेले होते, खिशातल्या घड्याळाएवढे. एक तेलाचा दाब दाखवायचा, एक इंजिन किती तापलंय ते, एक बॅटरीचा. तांडेल सुकाणूवर बसतो तिथेच लाटेचे तुषार येतात, ऊनही तिथेच. पहिल्याच मोसमात तेलाच्या काट्याची काच दुधासारखी झाली आणि काटा गंजून जागच्या जागी चिकटला. तो चिकटला नेमका चांगल्या आकड्यावर. बाबा बघताहेत तर दाब ठीक, आणि आत तेल संपलेलं. इंजिन कर्रकन अडकलं. शीड चढवून होडी घरी आली तेव्हा मासळीला वास सुटला होता आणि काकांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा. "शीड हाय म्हनून घरी आलाव," ते सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

इंजिन दुरुस्त झालं, नवे काटे आले, आणि ते जपायचे कसे यावर घरात विचार सुरू झाला. विचार म्हणजे काय, होडीचं जे काही जपायचं ते आमच्याकडे दोनच तऱ्हांनी जपतात. लाकडाला मुशी माशाचं तेल चोपडायचं, आणि उरलेल्याला डांबर लावलेल्या कापडात बांधायचं. बाबांनी दोन्ही केलं. काट्यांना मुशीचं तेल चोपडून वर डांबरी कापड असं करकचून बांधलं की मुंगीला आत जायला वाट नाही. पंधरवड्यात काचा पुन्हा धुरकट. तेव्हा चौलचे इस्माईलचाचा आले, जे आमच्या सगळ्या किनाऱ्याची इंजिनं बघायचे. त्यांनी एक काटा सोडवला, पडवीत बसून तिरपा केला, आणि त्यातून टपटप पाणी पडलं. बाबा म्हणाले, "येवरा बांधला तरी पानी शिरला कसा?" चाचा हसले. "शिरला न्हाय. हा घाम हाय. दिवसा इंजिनची गरमी, रात्रीची थंडी. बांधून घातलाव, आता त्यानं जायाचा कुटं?"

मी तेव्हा अंगणात बोंबील उलटत होते. सातवी पास होऊन घरी बसलेली, लुगडं नुकतंच नेसायला लागलेली मुलगी. पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी घातलं. मी म्हटलं, "बाबा, सुकी मासली गरम गरम टोपल्यात भरली न् वर गोनपाट दाबला तर काय व्हतं? घामानं सडते. आपून टोपल्याला खाली फट ठेवतो. काट्यांना पन तसाच घर करा. वरून छप्पर, पुढं काच, आनि खाली भोकं." काका म्हणाले, "काटे काय बोंबील हायेत?" पण इस्माईलचाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "भोकं कुटं पाडशील?" मी सांगितलं, तळाला. चाचांनी मान डोलावली आणि चहा मागितला.

पेटी मीच केली. तुटलेल्या वल्ह्याचं आणि जुन्या बाकाचं लाकूड, बाबांची करवत, बाबांचा रंधा. छप्पर उतरतं ठेवलं आणि पुढे बोटभर वळचण काढली, घराला असते तशी, म्हणजे पाणी काचेवर न ओघळता पुढे पडेल. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला लावली. होडी नांगरलेली असेल तेव्हा ऊन लागू नये म्हणून वरून शिडाच्या कापडाचा पडदा. अडलं ते काचेपाशी. काच आणायला अलिबागला कोण जातो, आणि जाऊन कापून आणायची म्हणजे पुन्हा मापाची कटकट. घरात काच एकच होती, पडवीतल्या आजोबांच्या फोटोची. मुंबईत कुठेतरी काढलेला फोटो, आजोबांच्या अंगात फोटोवाल्याचा कोट, चेहऱ्यावर कोट चावत असल्याचा भाव. काका रोज सकाळी त्याला हात जोडायचे. मी दुपारी फोटो उतरवला, काच काढली, आणि पेटी त्या काचेच्या मापाने बेतली. काच कापायला हिरा माझ्या बापाने कुठून आणायचा?

संध्याकाळी काकांच्या ध्यानात आलंच. ते फोटोसमोर उभे राहिले. "माजे बापाचे तोंडावरची काच कुनी काडली?" मी म्हटलं, मी. "कशापायी?" मी म्हटलं, "आजोबा तांडेल व्हते. भिंतीवर बसून काय करतील? त्यांची काच सुकानूजवल बरी." हे असं मी त्यांच्या तोंडावर बोलले. काकांचा हात वर गेला आणि बाबा मध्ये आले. "दादा, पोरीवर हात न्हाय टाकाचा," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण इंजिननंतर तो त्यांचा भावाला दुसराच नकार. काकांनी हात खाली घेतला. मग त्यांनी अट घातली. "लाव तुजे पोरीची पेटी. पन येत्या मोसमात इंजिन पुना दर्यात बंद झाला, तर मी तो उपटून काडनार, आनि तू परत माजे हाताखाली शिडाचे दोरीवर. हाय कबूल?" बाबा म्हणाले, "व्हय दादा." मला त्या दोन शब्दांचा इतका राग आला की मी रात्री जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "जेव गो. रागाला पन जोर लागतो."

पावसाळा सरला, बाबांनी पेटी सुकाणूपाशी बसवली, होड्या पाण्यात जायची वेळ आली. त्याआधी प्रत्येक फळीची प्रत्येक फट तपासायची, तेलात भिजवलेला कापूस तिच्यात ठोकून बसवायचा आणि वरून राळेचा लेप द्यायचा. हे काम काका स्वतः करत. त्यांच्यासारखा हात अख्ख्या खाडीत कोणाचा नव्हता, हे मी त्यांच्यावर कितीही चिडलेली असले तरी म्हणेन. होडी पाण्यात गेली, पहिली फेरी जवळची, ती झाली. दुसऱ्या फेरीला होडी लांब गेली आणि परत आली ती शिडावर. आई आधण ठेवायला डगडगीची वाट बघत होती आणि खाडीच्या तोंडाशी आवाजच नाही, नुसतं पांढरं शीड. आम्ही दोघी धावत गेलो. बाबा मान खाली घालून पाण्यात उतरले. म्हणाले, पेटीच्या काचेवर आतून धुकं धरलं, तिन्ही काटे दिसेनासे झाले, आत पाणी डचमळत होतं. तेल आहे की नाही कळेना. आंधळेपणाने चालवून इंजिन पुन्हा अडकवण्यापेक्षा त्यांनी ते स्वतःच बंद केलं. इंजिनला काही झालं नव्हतं. पण काकांची अट होती बंद पडण्याची, आणि बंद पडलं होतं हे खरं. काका माझ्या अंगावरून जाताना म्हणाले, "माजे बापाची काच गेली न् इंजिन पन गेला. उद्या ओहोटीला काडतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सोनाबाय चिखलात बसली होती, दोन्ही अंगांना टेकू लावलेली. काकांनी चार माणसं बोलावली होती, दोरखंड आणले होते. कोळीवाडा बघायला जमला, असल्या वेळी तो जमतोच. मी बाबांना विचारलं, "पेटीत पानी साचला कसा? भोकं हायेत ना खाली?" बाबा म्हणाले, "मी काय वाकून बगलाय?" तेवढ्यात काका वळले. "ती भोकं मी भरली," ते म्हणाले. "सगली होडी भरली, तवा तीपन भरली. होडीला भोक दिसल्यावर कोन सोडतो?" त्यांच्या चेहऱ्यावर काही लबाडी नव्हती. हे मी आज म्हातारपणी सांगते आहे. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझ्या पेटीचं नाक कापूस कोंबून बंद केलंय, आणि त्यापायी माझा बाप पुन्हा दोरीवर जाणार आहे. मी म्हटलं, "तो कापूस काडा." काका म्हणाले, "आता काडून काय फायदा? इंजिनच बाहेर काडतोय." मी बाबांकडे बघितलं. बाबा काकांकडे बघत होते.

मी धावत घरी गेले, दाभण घेतला, पदर खोचला, परत आले आणि टेकूवर पाय देऊन होडीत चढले. कोणी अडवायच्या आत चढले. खाली एकच गलका झाला. कोण म्हणालं उतर, कोण म्हणालं होडी बाटली, कोणा म्हातारीने तोंडावर पदर घेतला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या फळ्यांवर उभी होते आणि पायाखाली काय होतं म्हणाल तर वाळलेले खवले आणि थोडं तेल. बस, एवढंच. यासाठी आमच्या आया-आज्या जन्मभर पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. मी सुकाणूपाशी बसले, पेटीखाली हात घातला आणि दाभणाने कापूस उचकटायला लागले. काकांचं काम, सहजासहजी थोडंच निघणार. हाताला रक्त आलं. मग एक गोळा सुटला आणि पाण्याची धार माझ्या मांडीवर पडली. दुसराही सुटला. मी झाकण उघडलं, काच पुसली, काटे पुसले आणि झाकण तसंच उन्हात उघडं ठेवलं.

"झाला ना? उतर आता," काका खालून म्हणाले. मी म्हटलं, "न्हाय. भरती आली की बाबा इंजिन चालू करतील. काटा दिसला न्हाय तर मी सोता दोरखंड धरते. दिसला तर इंजिनला हात लावाचा न्हाय." "बाय होडीत असताना इंजिन चालू व्हनार न्हाय," काका म्हणाले. मी म्हटलं, मग बघू. आणि बसून राहिले. ऊन चढलं. माणसं कंटाळून जायला लागली, बायका मात्र गेल्या नाहीत. आई आली, चिखलातून माझ्यापर्यंत चालत आली आणि भाकरी आणि सुका जवळा वर दिला. मी सगळ्यांसमोर होडीत बसून जेवले. तितकी चविष्ट भाकरी पुन्हा खाल्ल्याचं मला आठवत नाही.

भरतीचं पाणी आलं, होडी हलली, टेकू काढायची वेळ झाली. बाबा पाण्यात उभे होते. काका म्हणाले, "तू चढनार न्हाय." बाबांनी वर माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. "दादा," ते म्हणाले, "मी चढतो." आणि चढले. दोन खलाशी, तरणे, ते हसू दाबत चढले. इंजिन पहिल्या झटक्याला घुरघुरलं, दुसऱ्याला लागलं. तेलाचा काटा थरथरला आणि उभा राहिला, स्वच्छ काचेमागे, मला बसल्या जागेवरून दिसला. बाबांनी होडी खाडीच्या तोंडापर्यंत नेली, जिथे लाटा उभ्या येतात. तुषार माझ्या तोंडावर आले, पेटीवर आले, छपरावरून वळचणीला आणि वळचणीवरून खाली गेले. आत आलं तेवढं भोकांतून गळालं. बाबा काट्यांकडे बघत होते आणि मी बाबांकडे. ते गात होते. इंजिनच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत, पण तोंड हलत होतं.

परत आलो तेव्हा काका किनाऱ्यावर नारळ घेऊन उभे होते. होडी बाटली, तिच्यावर नारळ फोडून तिला शुद्ध करायची होती. मी उतरले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. म्हटलं, "काय शुद्ध कराचा हाय? मी घान आनली न्हाय, मी पानी काडला." काका उत्तर देणार तोच आईने त्यांच्या हातातून नारळ घेतला, सहज, मासळीची टोपली घ्यावी तसा. "घरात नारल संपलाय भावोजी," ती म्हणाली, "मी बगतच व्हते कोनाकडनं मागावा." आणि घराकडे चालू लागली. इतक्या माणसांत भावजयीच्या हातातला नारळ ओढून घेणार कसा? काका रिकाम्या हाताने उभे राहिले.

त्या संध्याकाळी आईने तो नारळ वाटून कोळंबीचं कालवण केलं, आंबट, काकांना आवडतं तसं. ते जेवायला येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आले. नेहमीच्या जागी बसले. इंजिनचा विषय बाबांनी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. दोरखंड मात्र परत आणून पडवीत टाकलेले मी पाहिले होते. काकांनी एकदा भात घेतला, दुसऱ्यांदा घेतला. त्यांच्या जेवणात कोणी बोलायचं नसतं, म्हणून आम्ही गप्प होतो. मग ते स्वतःच ताटातून डोकं वर न काढता म्हणाले, "पेटीला भोकं किती ठेवलीस?"

"दोन," मी म्हटलं.

"तिसरा पाड. होडी डावीकडं कलते तवा कोपऱ्यात पानी राहतं."

त्यांनी ते किनाऱ्यावरून बघितलं होतं की कापूस भरताना, मला माहीत नाही. मी म्हटलं, "मग उद्या मना परत होडीत चढाया लागल."

आईचा हात भाताच्या टोपात थांबला. काकांनी कालवण ओरपलं, बोटं चाटली.

"भरती येयाच्या आदी चढ," ते म्हणाले.